बारा हजारांचा दगड

"बारा हजारांचा दगड मागवलाय," असं मी सांगितलं आणि आईने कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटले रुपये. मी ग्रिट सांगत होतो, म्हणजे धार लावायच्या दगडाचा बारीकपणा: आकडा मोठा तितका दगड बारीक. रुपयेही काही कमी नव्हते म्हणा, पण तो विषय मी वाढवला नाही.

वस्तरा आजोबांचा. पात्यावर 'सोलिंगेन' एवढंच वाचता येतं, पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गाव. पोर्तुगीज काळात असला परदेशी माल गोव्यात सहज मिळे. आजोबांमागे तो ट्रंकेत पडून राहिला, आणि आमच्या डिचोलीच्या पावसाळ्यात ट्रंकेतल्या पोलादाचं जे होतं ते झालं. पाठीवर तांबेरा, धारेला दोन दाते.

मी हौसेने सगळ्यात बारीक दगड आधी घेतला. आठवडाभर घासला. धार आरशासारखी चकाकली, पण गालावर केस कापण्याऐवजी उपटू लागली. बारीक दगड झिलई देतो, बस्स. दाते काढून दोन्हीकडचे उतार टोकाला नेऊन भिडवायचे ते हजारच्या दगडावरच. ते भिडले नाहीत तर पुढचे चार, आठ, बारा हजार सगळे फुकट.

घरी सुऱ्यांसाठी हजारचा दगड होता. तो घेऊन बाजारातल्या म्हातारबा म्हालोकडे (म्हालो म्हणजे न्हावी) गेलो. तो हल्ली वस्तऱ्यात अर्धं ब्लेड मोडून घालतो, पण खणात त्याचा जुना दगड आहे, मध्ये बशीसारखा खोल गेलेला. माझा हातात घेऊन म्हणाला, "फातोर पळय पयलीं, मागीर वस्तरो." आधी दगड बघ, मग वस्तरा.

कोयत्याला धारेचा कोन आपला हात देतो. वस्तऱ्याला तो त्याची पाठच देते: पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवूनच ओढायचं. म्हणून दगड सपाट हवा. घरी येऊन दगडावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून घासला. कडेच्या रेघा लगेच पुसल्या गेल्या. मधल्या अर्धा तास हलल्या नाहीत!

आता कोणी विचारलं तर सांगतो: एक हजारचा, एक चार-आठ हजारांचा जोडदगड आणि चामाटी, म्हणजे वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा. बेल्जियमचा पिवळसर कोटिक्युल हा नैसर्गिक दगड दिसायला सुरेख, त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे कण असतात, पण प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा. पहिल्याच खेपेला नको. दगडावर धार पुढे, चामाटीवर पाठ पुढे. हे विसरून एक पट्टा कापून बसलोय.

जुलैत दगड वाळता वाळत नाही, बुरशी धरतो. सावलीत, वाऱ्याला उभा ठेवतो. पात्याला खोबरेल.

परवा वस्तरा म्हाल्याला दाखवला. त्याने तो मनगटावरच्या पांढऱ्या केसांवरून, कातडीला न टेकवता, फिरवला. मधल्या भागाने केस उडवले. टोकाकडे नुसते वाकले.

"हांगा उरलां," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.