शिबिर, सर्वेक्षण आणि निराधार योजनेचे अर्ज

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं. सामाजिक न्यायावर व्याख्यानं शिबिरात होतातच. मला तो विषय खऱ्या अर्थानं कळला तो निराधारांना दरमहा सरकारी मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी विधवा बायकांचे अर्ज भरताना.

सर्वेक्षणासाठी घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीवरून मिळते, पण गायरानातली घरं त्यात बरेचदा नसतात आणि सगळ्यात गरजू माणसं तिथंच राहतात. गावातल्या आशाताईंना, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेला, बरोबर घेतलं की अशा वस्त्या सुटत नाहीत. मजुरीला गेलेली बाई दिवेलागणीशिवाय भेटत नाही, म्हणून व्याख्यान दुपारी आणि सर्वेक्षण संध्याकाळी ठेवावं. घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रत्येक जोडीत एक मुलगी हवीच.

कागद दिसतात साधे: आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा आणि १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. घोडं अडतं ते शेवटच्या कागदावर. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि जिथं मृत्यू झाला तिथंच ती होते. ऊसतोडीला गेलेला माणूस परजिल्ह्यात वारला असेल, तर बायकोला तिथं जावं लागतं. वर्ष उलटलं असेल तर नोंद नसल्याचा दाखला घेऊन दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळवावा लागतो. गाडीभाडं घालून मजुरी बुडवणं परवडत नाही, म्हणून बाई अर्जच करत नाही.

दुसरी अडचण उत्पन्नाची. मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिना १,७५०. नाव सासऱ्याच्या रेशनकार्डावर असेल तर घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न एकत्र धरलं जातं, म्हणून आधी कार्ड विभक्त करून घ्यावं. कष्ट करून पोट भरणारी बाई या आकड्यानं अपात्र ठरते, हे मला आजही पटत नाही.

आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, असं असेल तर अर्जाआधीच दुरुस्त करावं. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले महिन्याचे १,५०० रुपयेही जमा होत नाहीत.

शिबिर संपतं तेव्हा अर्ज अर्ध्यावरच असतात. प्रत्येक अर्ज दोघांकडे द्यावा, त्यातला एक पहिल्या वर्षाचा, म्हणजे पुढच्या वर्षीही पाठपुरावा करणारं कुणी राहतं. पोचपावतीची एक प्रत बाईकडे, एक आपल्याकडे. तहसीलच्या फेऱ्या वर्षाच्या १२० तासांत धराव्यात, असं कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावं.