आई-बाबांना घेऊन जपान: गाड्या सोप्या, स्टेशनं अवघड

जपानहून आल्यापासून जो तो हेच विचारतोय की भाषा येत नाही तर ट्रेनचं कसं जमवलंत, आणि तेही सत्तरी गाठलेल्या आई-बाबांना घेऊन. म्हणून आठवतंय ते एकदाचं लिहून टाकते, जाणाऱ्यांना उपयोग होईल.

पहिलं म्हणजे गाड्यांचं टेन्शन घेऊ नका. गाडी वेळेवर येते, डब्यातल्या स्क्रीनवर पुढचं स्टेशन इंग्रजीत येतं, मोठ्या शहरांत अनाउन्समेंट पण इंग्रजीत होते. माणसाचा जीव काढतात ती स्टेशनं! टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर एक्झिट आहेत, आणि भलत्याच एक्झिटने वर आलात की हॉटेल नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं पण मधे रुळ, पूल, जिने, आणि बाबांचे गुडघे. त्यामुळे आमचं सगळं प्लॅनिंग "कुठली ट्रेन" यापेक्षा "कुठला एक्झिट" यावर चालायचं. हॉटेल बुक करतानाच बघा की जवळच्या स्टेशनच्या कुठल्या एक्झिटला लिफ्ट आहे. बऱ्याच जुन्या मेट्रो स्टेशनांवर एखाद-दोन एक्झिटलाच लिफ्ट असते, बाकी सगळीकडे पायऱ्या.

गूगल मॅप्स तिथे फार कामाला येतं. भाडं, प्लॅटफॉर्म नंबर, एक्झिट नंबर तर दाखवतंच, पण बऱ्याच ठिकाणी कितव्या डब्यात बसलात तर पुढची गाडी बदलायला सोपं पडेल तेही सांगतं. टोकियो मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर भिंतीला किंवा खांबावर एक तक्ता पण असतो, आडवे डब्यांचे नंबर आणि पुढच्या प्रत्येक स्टेशनला लिफ्ट, सरकता जिना कुठल्या डब्यासमोर येतो त्याची छोटी छोटी चित्रं. बाबांना तो तक्ता सापडला आणि मग काय, प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आधी चष्मा काढून तो वाचायचा आणि मग आम्हाला हाताला धरून चौथ्या डब्याच्या खुणेवर नेऊन उभं करायचं. हसू नका, दिवसाकाठी बरीच चाल वाचते.

स्टेशनांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, कोड लक्षात ठेवा. टोकियो मेट्रोची गिंझा लाइन म्हणजे जी, शिबुया जी 01 पासून असाकुसा जी 19 पर्यंत. असाकुसाहून गिंझाला जायचं, म्हणजे 19 वरून 09, आकडे उतरत जायला हवेत, एवढं बघितलं की उलट्या दिशेच्या गाडीत बसायचा प्रश्नच नाही. आईला नाव एकही आठवायचं नाही पण "अगं नऊला उतरायचंय ना, आता अकरा आलं, उठ" हे ती मला सांगायची.

आता कार्ड. आधी पैसे भरून ठेवायचे आणि गेटवर टेकवून जायचं अशी ही कार्डं, सुइका किंवा इकोका, कुठलंही एक घ्या, मोठ्या शहरांत ट्रेन, मेट्रो, बस सगळीकडे चालतं. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. स्टेशनवरच्या मशिनमध्ये रिचार्ज बहुतेक ठिकाणी रोखच करावं लागतं म्हणून हजार येनच्या नोटा जवळ असू द्या. बॅलन्स कमी पडला तर बाहेर पडताना गेटची झडपं फटकन बंद होतात, घाबरायचं काही नाही, गेटच्या आतल्या बाजूलाच फेअर अ‍ॅडजस्टमेंटचं मशिन असतं, कार्ड घाला, इंग्रजीचं बटण दाबा, पैसे भरा, झालं. आणखी एक, ही कार्डं देशभर चालतात म्हणजे एका विभागात आत शिरून दुसऱ्या विभागात बाहेर पडता येतं असं नाही. टोकियोकडून साध्या गाडीने आतामी स्टेशनच्या पुढे जायचं असेल (तिथे विभाग बदलतो) तर कागदी तिकीट काढा. नाहीतर उतरल्यावर काउंटरला जाऊन हिशोब करत बसावं लागतं.

जेआर पासबद्दल, म्हणजे जपान रेल्वेच्या ठराविक दिवस हवं तेवढं फिरायच्या पासबद्दल, सगळे विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, टोकियो-क्योटो-ओसाका एवढंच करणार असाल तर नका घेऊ. 2023 च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा साधा पास 29,650 वरून एकदम 50,000 येन झाला. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) एका वेळचं तिकीट साधारण 14,000 येन, म्हणजे जाऊन-येऊन 28,000. शिवाय नोझोमी ही सगळ्यात वेगवान गाडी पासवर हवी असेल तर वर वेगळे पैसे. जुने व्हिडिओ बघून पास घेणारे अजून भेटतात, त्यांना काय म्हणावं!

शिंकान्सेनचं कागदी तिकीट काढलंत तर बऱ्याचदा हातात दोन तिकिटं पडतात, एक अंतराचं आणि एक एक्सप्रेसचं. गेटमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून एकदम घालायची आणि पलीकडून दोन्ही आठवणीने उचलायची. क्योटोकडे जाताना साध्या डब्यात ई सीट मागा, उजवीकडची खिडकी. टोकियो सुटल्यावर पाऊण तासाच्या आसपास फुजी दिसतो, ढग नसले तर. आम्हाला अर्धाच दिसला, वरचा अर्धा. क्योटोला गाडी जेमतेम मिनिट-दोन मिनिटं थांबते, तेव्हा आधीच उठून दारापाशी जाऊन उभे राहा.

सामानाचं मात्र नीट वाचा कारण आई-बाबा बरोबर असतील तर सगळं यावरच आहे. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर गेलेली बॅग या मार्गावर नेताना शेवटच्या रांगेमागच्या जागेसकट सीट आधीच रिझर्व्ह करावी लागते. जास्तीचे पैसे पडत नाहीत, पण न करता चढलात तर 1,000 येन भरावे लागतात. त्यापेक्षा ताक्क्यूबिन करा, म्हणजे बॅग कुरिअरने पुढे पाठवा. हॉटेलच्या काउंटरवर सांगायचं, फॉर्म भरायचा, बॅग सोडून द्यायची, टोकियोहून क्योटोच्या हॉटेलला ती साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. काळी मांजर पिल्लाला तोंडात धरून चाललीय असा लोगो दिसेल ती यातली एक मोठी कंपनी. एका मोठ्या बॅगेचे साधारण दोन-तीन हजार येन जातात आणि एका रात्रीचे कपडे, औषधं सॅकमध्ये वेगळी काढावी लागतात. आईला आधी पटेचना, आपली बॅग अशी परक्याच्या हवाली कशी करायची म्हणून. दुसऱ्या दिवशी बॅग खोलीत हजर, तेव्हा तिनेच विचारलं की ओसाकाला पण असंच पाठवायचं ना.

क्योटोत बसचा मोह टाळा. सिटी बस चांगल्या आहेत पण खचाखच भरतात, आणि मधल्या-मागच्या दाराने चढून पैसे उतरताना पुढे ड्रायव्हरपाशी द्यायचे, म्हणजे गर्दीतून वाट काढत पुढपर्यंत जायचं. रोख देणार असाल तर तिथल्या डब्यातून आधी सुट्टे करून घ्या आणि मग बरोबर तेवढेच टाका, उरलेले परत मिळत नाहीत. शक्य तिथे ट्रेनच बरी. फुशिमी इनारीच्या देवळाला क्योटो स्टेशनहून जेआर नारा लाइनने दुसरंच स्टेशन, इनारी, उतरलं की समोर देवळाचं तोरी, म्हणजे प्रवेशाची कमान. पण लोकलच पकडा हं, त्याच लाइनवरची मियाकोजी रॅपिड इनारीला थांबत नाही. अराशियामाला पण जेआरने सागा-अराशियामा, पंधरा-वीस मिनिटांत.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे, पुढचा जिथे उभा आहे त्याच्या मागे उभे राहा. गाडीत फोनवर बोलत नाहीत. रात्री बाराच्या सुमारास गाड्या बंद होतात त्या थेट पहाटे पाचच्या आसपास सुरू, मधे टॅक्सी, आणि ती महाग.

कार्डातले उरलेले पैसे परत हवे असतील तर सुइकाचे जेआर ईस्टच्या (टोकियोकडच्या) हद्दीतच मिळतात आणि इकोकाचे जेआर वेस्टच्या (क्योटो-ओसाकाकडच्या). तेव्हा सुइका घेऊन परतीची फ्लाइट ओसाकाहून असेल तर परताव्याच्या नादी लागू नका, एअरपोर्टवरच्या दुकानात पाणी-बिस्किटं घ्या, कार्डातले सगळे वळते करायला सांगा आणि वरचे रोख द्या.