आई, जंगल आणि जळकी गिरणी

आई सहा महिन्यांसाठी अटलांटाला आलीये आणि मॉल, मंदिर, कॉस्टको दाखवून झाल्यावर माझ्याकडचं सगळं संपलं. मग नवरा म्हणाला स्वीटवॉटर क्रीक स्टेट पार्कला जाऊया, आय-ट्वेंटी हायवेने अर्ध्या तासाच्या आत. काय आहे तिथे? तर जंगलात बंद पडलेली कापडगिरणी. आई म्हणाली, त्यासाठी एवढं विमानाचं भाडं भरून आले होय, लालबागला चाळीच्या गॅलरीतून दिसायची की!

तरी गेलो. गिरणीपर्यंतचा ट्रेल सोपा आहे, ओढ्याच्या कडेकडेने जेमतेम अर्धा मैल, (पुढे मात्र धबधब्याकडे दगडच दगड, गुडघेवाल्यांनी तिथे जाऊ नये, आम्ही नाही गेलो). मुळं बाहेर आलीयेत म्हणून आईचा हात धरायला गेले तर झटकला, पंजाबी ड्रेसवर माझे स्पोर्ट्स शूज घालून माझ्यापुढे चाललेली. ओढा म्हणायचा म्हणून, पाण्याचा आवाज एवढा की पावसाळ्यात कोकणात आल्यासारखं वाटतं.

आणि मग झाडांमधून एकदम भिंत दिसते. विटांची, उंचच उंच, छप्पर नाही, खिडक्यांच्या भोकांतून मागची झाडं. आत जायला कुंपण आहे, रेंजरबरोबरच जाता येतं. १८४९ ची ही गिरणी, पाच मजली, तेव्हा अटलांटातही एवढी उंच इमारत नव्हती. नाव काय तर न्यू मँचेस्टर! मुंबईतली पहिली गिरणी ताडदेवला सुरू झाली १८५६ ला, म्हणजे ही तिच्याही आधीची. ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला वळवून कालव्यातून आणायचं, त्यावर मोठं चाक फिरायचं आणि त्याच्या जोरावर वर सगळी यंत्रं. तो कालवा अजून दिसतो, आता नुसता पाचोळ्याने भरलेला चर. कापूस गुलामांनी वेचलेला, हे विसरून त्या विटांचं कौतुक करू नये असं मला वाटतं.

सिव्हिल वॉरमध्ये इथलं कापड दक्षिणेच्या सैन्याला जायचं, म्हणून जुलै १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनच्या माणसांनी गिरणी जाळली. कामगार बहुतेक बायका आणि पोरं, कारण पुरुष लढाईवर. त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवून गाड्यांत घालून मॅरिएटाला नेलं, तिथून रेल्वेने पार केंटकीत लुईव्हिलला. बऱ्याच जणी परत आल्याच नाहीत. गाव पुन्हा वसलं नाही, त्याचं हे जंगल झालं.

गंमत म्हणजे (गंमत कसली) याच लढाईमुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडातल्या मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि मुंबईत कापसाचा भाव असा चढला की लोक शेअर्सच्या मागे वेडे झाले, बॅकबेचा समुद्र भरून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ ला लढाई संपल्यावर सगळं धाडकन खाली. इथे गिरणी जळत होती तेव्हा तिकडे पैशाचा पाऊस पडत होता. हे मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं.

तिचं लक्षच नव्हतं. ती कुंपणाला धरून खालच्या खिडक्यांकडे बघत होती. आजोबा मुंबईत गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, ८२ च्या गिरणी संपानंतर त्यांना कधी परत बोलावणं आलं नाही, बदली कामगार म्हणूनसुद्धा नाही. भोंगा बंद झाला तरी पहाटे उठून बसायचे हे मी लहानपणापासून ऐकलंय.

"त्या बायकांना गाडीत घातलं," आई म्हणाली, "तेव्हा त्यांचा राहिलेला पगार दिला का?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी ओढ्याकडे.

"नाहीच दिला असणार," तीच म्हणाली, आणि थर्मास उघडून आधी स्वतःचा चहा ओतून घेतला.