दगडाला टाकी, लाकडाला पाणी

वॉशिंग्टन शहराच्या मधोमध रॉक क्रीक नावाचा ओढा वाहतो. त्याच्या काठी पीअर्स मिल ही 1820 च्या दशकातली दगडी बांधणीची पाणगिरणी उभी आहे. 1897 साली राय नावाचे धान्य दळताना तिचा मुख्य कणा, म्हणजे यंत्र फिरवणारा दांडा, मोडला आणि धंदा संपला. 1936 मध्ये सरकारने ती दुरुस्त करून सरकारी उपाहारगृहांसाठी पीठ दळायला लावली. 1993 मध्ये ती पुन्हा बंद पडली आणि 2011 मध्ये पुन्हा फिरली. मधल्या अठरा वर्षांत परिसरातल्या माणसांनी संस्था काढली, पैसे जमवले आणि उद्यान खात्याच्या मागे लागून ती उभी केली. या चिकाटीला मनापासून नमस्कार!

एवढा काळ आणि खर्च कशाला लागतो, ते लाकडात पाहिल्यावर कळते. पाण्याच्या चाकाचा कणा ओकच्या एका ओंडक्याचा असतो. त्यात खाचा पाडून आरे बसवतात आणि पाणी नेमके त्या खाचांत साचते. कूज तिथूनच, आतून सुरू होते. बाहेरून ओंडका ठणठणीत दिसतो, पण हातोडी मारली की पोकळ आवाज येतो. तसा आला की बारीक भोक पाडून भुसा बघायचा. काळपट, ओला भुसा निघाला तर कणा गेला. तेवढ्या जाडीचा, भरीव गाभ्याचा ओंडका मिळवण्यातच महिने जातात.

कणा नवा असला तरी चाक न फिरवता ठेवले की घात होतो. खालच्या खणांचे लाकूड पाणी पिऊन जड होते, वरचे उन्हात सुकून सांधे उघडतात. मग एक बाजू जड झालेले चाक हिसके देत फिरते आणि प्रत्येक हिसका त्याला जोडलेल्या दातेरी चाकांच्या दातांवर येतो. म्हणून दळण असो वा नसो, दोन-तीन दिवसांनी चाक अर्धा फेरा फिरवून ठेवायचे. कुलूप लावून जपलेली गिरणी चालत्या गिरणीपेक्षा लवकर मरते.

पाण्याचे चाक मिनिटाला आठ-दहा फेरे घेते, चार फुटी दगडाला मात्र 120 च्या आसपास लागतात. हा वेग दातेरी चाकांनी वाढवतात. जोडीतल्या एका चाकाचे दाते लोखंडी, दुसऱ्याचे कठीण लाकडाचे असतात, म्हणजे काही अडकले तर लाकडी दात मोडतो आणि बाकीचे वाचते. मोठ्या चाकाला 96 आणि लहानाला 24 दाते दिले तर तेच दात तेच दात घासत राहतात. म्हणून 97 देतात, म्हणजे प्रत्येक दात सगळ्यांना आळीपाळीने भिडतो.

धान्य वरच्या मजल्यावर नेण्याची ऑलिव्हर इव्हान्स या अमेरिकी संशोधकाची रचनाही या गिरणीत आहे. त्याला 1790 मध्ये पेटंट मिळाले, अमेरिकेतले तिसरे. पट्ट्यावर बसवलेल्या वाट्या खालून धान्य उचलतात आणि वर ओततात. रहाटगाडगे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण दळणाचा सगळा प्रवास माणसाचा हात न लागता जोडून दाखवणे ही त्याची करामत खरीच.

आपल्याकडे, नाशिक जिल्ह्यात, अशा पाण्यावरच्या गिरण्या का नाहीत, याचा हिशोब करून बघा. सेकंदाला 100 लिटर पाणी 3 मीटरवरून पडले तर 2.9 किलोवॅट होतात. चाकातून त्यातले 65 टक्के हाती आले तरी 1.9 किलोवॅट, म्हणजे जेमतेम अडीच हॉर्सपॉवर. कोपऱ्यावरच्या गिरणीची मोटर याच्या दुप्पट-तिप्पट असते. शिवाय चैत्रात मोसम किंवा आरम नदीचे पात्र पाहिलेला माणूस बारमाही चाकाची गोष्ट करणार नाही. बागलाणात फडाच्या, म्हणजे गावाच्या सामायिक सिंचनाच्या, बंधाऱ्यांनी पाणी अडवले, पाटाने नेले, पाटकऱ्याने शेताशेतांत वाटले. अक्कल तीच, पण पाणी पिकाला दिले. याला मागासपणा म्हणणाऱ्याने मोसमकाठी एक उन्हाळा काढावा. आणि संभाजीनगरची पाणचक्की तर आपल्याकडेच आहे. तिथे दातेरी चाक नाहीच. पाण्याचे चाक आडवे आणि दगड थेट त्याच्या कण्यावर, म्हणून मोडायला कमी.

दगडाच्या बाबतीत मात्र जात्यावर वाढलेल्या घरांना इथे काही वेगळे शिकवावे लागत नाही. अमेरिकेतल्या गिरण्यांचे नावाजलेले दगड फ्रान्समधल्या ला फर्ते-सू-झुआरचे. तुकडे प्लास्टरने जोडून भोवती लोखंडी पट्टे ठोकलेले. त्यांवर खोबणी कोरतात, एका कडेला दोन सूत खोल आणि दुसऱ्या कडेला चढत जाऊन सपाटीला मिळणारी. खोबणी धान्य कापतात, पीठ बाहेर ढकलतात आणि हवा खेळवतात. दोन दगडांतले अंतर मध्याशी जाड खाकी कागदाएवढे, काठाशी येवल्याच्या पतंगाच्या कागदाएवढे हवे. त्याहून जवळ आणले तर पीठ तापून करपट वास येतो. धान्य संपून दगड एकमेकांना लागले तर ठिणग्या उडतात, आणि हवेत पिठाची धूळ असताना ठिणगी म्हणजे स्फोट. 1878 मध्ये मिनियापोलिसच्या वॉशबर्न गिरणीत धुळीच्या स्फोटात 18 जण गेले. म्हणून धान्याच्या पेटीत पट्टा दाबून ठेवतात. धान्य उतरले की पट्टा सुटतो आणि घंटा वाजते.

रोज चालणाऱ्या गिरणीत दोन-तीन आठवड्यांनी दगडाला टाकी लागते. वरचा दगड उचलून उलटा करायचा, सरळ लाकडी पट्टीला गेरू लावून दगडावरून फिरवायची आणि लाल डाग उमटेल तो उंचवटा टाकीने उतरवायचा. पुन्हा पट्टी, पुन्हा टाकी, सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत. नाशकात पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे हात अजून असतील, तर त्यांना आधी विचारून घ्या, कारण ठोका किती जोरात आणि कोणत्या कोनात ते लिहून कळत नाही. टाकी लावल्यावर आधी कोंडा दळून टाकून द्यायचा, मग मूठभर जाडेभरडे धान्य. तेही पीठ खायला घ्यायचे नाही. बोटांत चोळल्यावर कचकच लागली नाही, की मग गहू.