पिनेची पाठ

बॅगेला किंवा कोटाला लावायची चित्राची पिन पुढून सगळेच बघतात. मी हल्ली आधी ती उलटी करून बघते. मागे काटा एक आहे की दोन, हे मला पुढच्या चित्राइतकंच महत्त्वाचं वाटायला लागलंय. ही अक्कल फुकट आलेली नाही.

माझ्याकडे एक घुबड आहे. अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठं. निळं अंग, पिवळे डोळे, पिसांच्या मधून गेलेल्या केसाएवढ्या पितळी रेषा. चित्रात खोट काढायला जागा नाही. मागे काटा मात्र एकच. सकाळी बॅगेच्या पट्ट्याला नीट सरळ लावावं, तर दुपारपर्यंत स्वारी खाली डोकं वर पाय. बघणाऱ्यांना ते वटवाघूळ वाटतं. दोन काटे असते तर जागचं हललं नसतं.

काट्यावर मागून जी बसते ती फिरकी. कानातल्याला असते तशीच, फक्त इथे फिरवायची नसते. तिला दोन पंख असतात, ते चिमटीत दाबले की ती सुटते. फुलपाखरासारखी दिसते आणि स्वभावही फुलपाखराचाच, केव्हा उडेल नेम नाही. गर्दीत कुणाचा धक्का लागला, बॅग खुर्चीच्या पाठीला घासली, की गेली. घरी आल्यावर कळतं तेव्हा पट्ट्यावर दोन बारीक भोकं तेवढी उरलेली असतात. माझा एक दीपस्तंभ असाच गेला. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या पिनांना मी रबराच्या फिरक्या लावते. दिसायला अगदी गबाळ्या, पण पाठराखण करावी तर त्यांनी.

पुढच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर घुबड रागवायचं. मिनाकामाच्या या पिनांत दोन जाती. सॉफ्ट इनॅमलमध्ये रंग धातूच्या रेषांपेक्षा खाली बसतो, बोट फिरवलं की बांधावरून शेतात उतरल्यासारखं वाटतं. हार्ड इनॅमलमध्ये रंग काठोकाठ भरून मग घासून सपाट करतात, बोट सरकन घसरतं. शौकीन मंडळी हार्डला मान देतात आणि सॉफ्टकडे बघून जरा नाक मुरडतात. मला सॉफ्टच आवडतं. अंधारात डबा उघडला तरी हाताला कोण लागलंय ते कळतं.

आता प्रश्न असा, की लावायच्या की मांडायच्या? पिन मुळात छातीवर लावायची वस्तू. १८९६ साली न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने सेल्युलॉइडच्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला उभे असलेल्या मॅकिन्ली आणि ब्रायन यांचे प्रचाराचे बिल्ले कोटाकोटावर दिसू लागले. आपण कुणाचे, हे तोंड न उघडता सांगायची सोय. भिंतीवरच्या फळीवर गेली की पिन गप्प होते. पण हरवतही नाही.

मी कॉर्कची फळी घेतली, तिच्यावर काळं फेल्ट ताणलं. काळ्यावर पितळी रेषा फार खुलतात. एक रविवार त्यात गेला. प्राणी एकीकडे, इमारती दुसरीकडे, अशी शिस्त लावली. मग एका मांजराला रंगाने इमारतीच जवळच्या वाटल्या आणि सगळी घडी विस्कटली. कॉर्कमध्ये काटा आपोआप रुततो, फिरकी लागत नाही. म्हणून काढलेल्या फिरक्या वाटीत ठेवल्या. वाटी सांडली. पुढचे चार दिवस घरात कुणी अनवाणी फिरलं नाही.

डिस्नेच्या पार्कांत १९९९पासून पिनांची अदलाबदल चालते. तिथला एक दंडक मला मनापासून पटला: एका वेळी एकच पिन, हातोहात, आणि फिरकीसकट. उघडा काटा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. नियम करणाऱ्याच्या पायात कधीतरी नक्की काहीतरी रुतलं असणार.

आणि हरवण्याचं म्हणाल, तर ते जुनंच दुखणं. मध्ययुगात इंग्लंडमधल्या कँटरबरीला संत थॉमस बेकेटच्या दर्शनाला गेलेले यात्रेकरू शिसं-कथलाचे छोटे बिल्ले घेऊन परतत, टोपीला किंवा अंगरख्याला लावत. लंडनमध्ये टेम्स नदीच्या चिखलात असे कितीतरी सापडलेत. काही मुद्दाम नदीत टाकले असतील असंही म्हणतात. असतील. मला मात्र होडीतून उतरताना टोपी चाचपणारा एखादा म्हातारा दिसतो.

फळी आता भिंतीवर आहे. डाव्या कोपऱ्यात दीपस्तंभापुरती जागा रिकामी ठेवलीय. घुबडाला फळीवर घेतलेलं नाही, ते अजून बॅगेवरच असतं. आत्ता लिहिता लिहिता बघितलं, झोपलंय. उलटं.