काळी टोपी आणि पिवळा दिवा

ऐंशीच्या दशकात शाळेच्या स्मरणिकेतल्या फोटोंचं काम माझ्याकडे होतं. मजकूर, मांडणी, कागद, सगळं बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते संस्थापकांच्या एका फोटोवर. काळी टोपी, काळा कोट, मागे गडद पडदा.

प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना आला तर तिन्ही मिळून नुसतं डांबर. प्रोसेसवाला, म्हणजे छपाईसाठी फोटोची निगेटिव्ह काढणारा, म्हणाला, "साहेब, मूळ फोटोच काळा आहे." अहो, मूळ फोटोत टोपीची घडी स्वच्छ दिसत होती! पुन्हा करायला लावलं, तर त्याने एक्स्पोजर वाढवलं. घडी जेमतेम उमटली, पण चेहरा पांढराफटक.

शेवटी दुसऱ्या प्रेसमधल्या एका जुन्या कॅमेरामनना प्रोसेसवाल्याची निगेटिव्ह दाखवली. भिंग लावून त्यांनी एवढंच विचारलं, "फ्लॅश दिला नाही का?"

मग त्यांनी समजावलं. छपाईच्या शाईत करडं नसतं, म्हणून लहानमोठे डॉट पाडून डोळ्याला करड्याचा भास द्यायचा. त्यासाठी फिल्मवर कॉन्टॅक्ट स्क्रीन, म्हणजे डॉटांची नक्षी असलेली पारदर्शक जाळी, घट्ट बसवतात. तिचा प्रत्येक डॉट मध्यभागी पातळ आणि कडेकडे गडद होत जाणारा. चेहऱ्यावरून आलेला भरपूर उजेड कडेपर्यंत पार होतो, त्यामुळे निगेटिव्हवर मोठा डॉट पडतो. कोटावरून आलेला उजेड फक्त मधून शिरतो, तिथे बारीक डॉट. या कामाच्या लिथ फिल्मला अधलंमधलं कळत नाही. पुरेसा उजेड मिळाला तर ठार काळी, नाहीतर कोरी. टोपीचा उजेड तेवढा भरतच नव्हता. निगेटिव्हवरचं काळं कागदावर पांढरं होतं; इथे डॉटच नाही, म्हणून कागदावर भरीव काळं.

यावर उपाय म्हणजे फ्लॅश: फोटोवरचे दिवे बंद करून, स्क्रीन न हलवता, फिल्मवर पिवळ्या दिव्याचा थोडा उजेड द्यायचा. टोपीला तेवढा टेकू पुरतो आणि चेहरा फारसा बिघडत नाही. हे प्रोसेसवाल्याला ठाऊक नसेल? "सीझनमध्ये वेळ कुठे असतो," हे त्याचं उत्तर!

तेव्हा असं काम असलं की कागद आधी सांगावा लागे. न्यूजप्रिंटला इंचाला 65 ते 85 ओळींची, म्हणजे डॉटांच्या रांगांची, स्क्रीन ठीक असे, गुळगुळीत आर्ट पेपरवर 133 सुद्धा चाले. एकरंगी कामात स्क्रीन 45 अंशांत लावायला सांगायची, म्हणजे डॉटांच्या रांगा डोळ्यांत खुपत नसत. आणि हो, लिथ फिल्म धुण्याच्या द्रावणाचे, म्हणजे डेव्हलपरचे, दोन भाग एकदा मिसळले की त्याचा जोर लवकर उतरे. सकाळचं द्रावण संध्याकाळी वापरू द्यायचं नाही.

टोपीची घडी छापून आली. बिलात फ्लॅशचे वेगळे पैसे लावले होते. ते मी दिले नाहीत.