काउबचं पाणी आणि साठ टन कॉस्टिक

ऑगस्ट 2022. मी तेव्हा जर्मनीत मॅनहाइमला एका केमिकल ट्रेडिंग कंपनीत डिस्पॅच बघायचो, म्हणजे रॉटरडॅमहून निघालेला माल ऱ्हाइन नदीतून वर कुठल्या बोटीने, किती टन, कधी पोचणार याची जुळवाजुळव. मूळचा सांगलीचा, त्यामुळे नदीची पातळी बघायची सवय जुनीच. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरगंही सांगतं. इथं सगळं उलटं, पाणी उतरलं की लोकांची झोप उडते.

आणि बघायचं कुठलं पाणी तर काउबचं. बिंगन आणि कोब्लेन्झच्या मधे, डोंगरांच्या चिंचोळ्या खिंडीत एक छोटंसं गाव आहे, तिथं नदीचा तळ खडकाळ आणि उथळ. खाली कितीही पाणी असू दे, वर मॅनहाइम, लुडविगशाफेन, कार्ल्सरूह, पार स्वित्झर्लंडातल्या बाझेलपर्यंत जायचं तर काउब पार करावंच लागतं. तिथल्या मोजपट्टीवर 40 सेंमी दिसलं म्हणजे नदी 40 सेंमी खोल असं नाही हां, नवीन आलेला प्रत्येकजण हेच समजतो. मोजपट्टी 78 च्या आसपास असते तेव्हा बोटींच्या मार्गात 1.90 मीटर पाणी मिळतं, म्हणजे 40 ला दीडेक मीटर. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ती 25 पर्यंत गेली होती, तो विक्रम, त्या वर्षी लुडविगशाफेनच्या बीएएसएफ या एकट्या केमिकल कंपनीला 25 कोटी युरोचा फटका बसला होता.

आता एवढा श्रीमंत देश एका उथळ खडकावर का अडतो? कारण मोठमोठे कारखाने समुद्रापासून लांब, नदीकाठी वसलेत. पूर्वी रूहर खोऱ्यात स्वतःचा दगडी कोळसा होता, तिथली शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली. आता कोळसाही बाहेरून आणि लोखंडाचं खनिजही बाहेरून, रॉटरडॅमला उतरवायचं आणि बोटीने वर ड्युइसबुर्गला न्यायचं. देशातल्या नद्या-कालव्यांतून जेवढा माल जातो त्यातला साधारण 80 टक्के एकट्या ऱ्हाइनवर. त्यात 2022 ला रशियाने गॅस आवळलेला, जुलै संपता संपता रशियाहून येणारी नॉर्ड स्ट्रीम गॅस पाइपलाइन 20 टक्क्यांवर. मग कोळशाची वीजकेंद्रं परत चालू करायची ठरली, त्यांना कोळसा हवा, गॅसऐवजी तेल जाळणाऱ्यांना टँकर बोटी हव्या, आणि नेमकं तेव्हाच पाणी नाही, हिवाळ्यात आल्प्सवर बर्फच कमी पडलं होतं. जूनमध्ये रॉटरडॅमहून काउबच्या वर यायला टँकर बोटीचा भाव टनाला वीसेक युरो होता, तो ऑगस्टमध्ये शंभरच्या वर.

तर तो शुक्रवार. आमची एक 110 मीटरची बोट कोब्लेन्झला पोचलेली. एरवी ती अडीच हजार टन उचलते, त्या ट्रिपला फक्त 700 टन कॉस्टिक लाय (पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा) भरलेली. रॉटरडॅमला भरताना तीन-चार दिवसांनी काउबला किती पाणी असेल याच्या अंदाजावर भरायचं असतं, एक प्रकारचा सट्टाच. सकाळी सातच्या सुमारास कॅप्टनचा फोन, डच माणूस, उगाच बोलणारा नाही. म्हणाला, अंदाजापेक्षा पाच सेंमी कमी आहे, मी वर येत नाही, घासलं तर तळ फाटेल. पाच सेंमी ऐकून हसू येईल, पण एवढ्या मोठ्या बोटीत एक सेंमी म्हणजे दहा-बारा टन, म्हणजे साठ टन कुठंतरी काढायला पाहिजेत. आणि वर कस्टमरची टाकी रविवारी रात्री रिकामी होणार, त्याने तर आदल्या दिवशीच तीन मेल टाकलेले.

साठ टन म्हणजे रोडचे तीन टँकर, सोप्पं वाटतं. पण आख्खी ऱ्हाइन ट्रकवर आलेली, घातक मालाचं लायसन्स असलेला ड्रायव्हर मिळेना, आणि मुळात धक्क्यावर बोटीतून ट्रकमध्ये उपसायला परवानगी हवी, ती शुक्रवारी दुपारनंतर जर्मनीत मागून बघा एकदा. रेल्वेचं तर नावच नको, तेव्हा सरकार कोळसा-तेलाच्या गाड्यांना प्रवासी गाड्यांच्याही आधी रूळ द्यायच्या तयारीत होतं.

शेवटी माझ्या बाजूच्या टेबलवरची बाई, तीस वर्षं याच धंद्यात, ती म्हणाली, मोठ्या बोटी विसर, म्हाताऱ्या शोध. म्हणजे जुन्या, छोट्या, आता कोणी विचारत नाही अशा. पाणी उतरलं की याच बोटी राजे. तिच्या वहीत (हो, कागदाची वही) एका नवरा-बायकोच्या बोटीचा नंबर होता, दोघं बोटीवरच राहतात. ती बोट खाली नॉयवीडला रिकामी उभी होती, आणि नशिबाने आधीचा मालही कॉस्टिकच, म्हणजे टाकी धुवायची भानगड नाही. फोन बायकोने घेतला, भाव तिनेच सांगितला, मी घासाघीस सुरू केली तर म्हणाली, दुसरा फोन वाजतोय, तुम्ही ठरवा. मी पटकन हो म्हणून टाकलं.

नेमून दिलेल्या जागी दोन्ही बोटी एकमेकींना बांधल्या, होज लावला, संध्याकाळी उशिरा साठ टन इकडून तिकडे झाले. मी मॅनहाइमला बसून दर पंधरा मिनिटांनी काउबचा आकडा रिफ्रेश करत होतो, त्याने पाणी वाढत नाही हे माहीत असूनही. शनिवारी सकाळी आधी म्हातारी गेली, मागून आमची मोठी, इतकी हळू की ट्रॅकिंगवर मला वाटलं अडकलीच. त्या दिवसांत बिंगनला लोक नदीच्या कोरड्या पात्रातून चालत माउसटर्मला, म्हणजे नदीतल्या बेटावरच्या जुन्या मनोऱ्याला जाऊन सेल्फी काढत होते. रविवारी दुपारी कस्टमरच्या टाकीला पाइप लागला.

पुढच्या आठवड्यात पाऊस झाला, पाणी चढलं, भाव हळूहळू उतरले. बीएएसएफने पुढे कमी पाण्यात चालणारी खास 135 मीटरची बोट बांधून घेतली, 30 सेंमीलाही 800 टन नेणारी. काउबचा मार्ग 20 सेंमीने खोल करायचं कामही सरकारच्या यादीत आहे, पण ते होईपर्यंत माझं रिटायरमेंट होईल असं वाटतं. त्या नवरा-बायकोचं बिल महिन्याअखेर आलं तेव्हा अकाउंट्समधून फोन, साठ टनांचं आहे ना हे, एक शून्य जास्त पडलंय का? म्हटलं नाही, भरा.